अकरावी अर्धवट सुटलेल्या मुलीला नर्सिंगला कसं जाता येईल?

प्रश्न : मी दापोली तालुक्यातली. हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेते आणि गावांत फिरून विकते. मुलगी दहावीला ६४ टक्क्यांनी पास झाली, अकरावी सायन्सला घातली. त्याच वर्षी माझं ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली. मुलीने कॉलेज सोडून घर सांभाळलं, धंदा सांभाळला. सिस्टरकडून शिकून घेऊन माझं ड्रेसिंगही तीच करायची. आता ती १९ वर्षांची आहे आणि नर्सच व्हायचं म्हणते. जवळच एका संस्थेत दहावीवर एक वर्षाचा नर्सिंग कोर्स आहे, नोकरीची हमी देतात. फी ६० हजार, आधी १५ हजार भरून सीट धरा म्हणतात. भरू का? तिचे काका म्हणतात की वय गेलं, आणि मुलीच्या जातीला रात्रपाळीची नोकरी नकोच.

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी पैशांचं बोलते. ते १५ हजार भरू नका.

आपल्या राज्यात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, म्हणजे सगळे जिला नर्सिंग कौन्सिल म्हणतात तिची, नोंदणी लागते. ही नोंदणी एएनएम (गावातल्या आरोग्य सेविकेचं शिक्षण), जीएनएम (दवाखान्यातल्या नर्सचं शिक्षण) किंवा बी.एस्सी. नर्सिंग (पदवी) यांपैकी एक मान्यताप्राप्त शिक्षण पुरं केल्यावरच होते, आणि या तिन्हींना बारावी पास असावं लागतं. दहावीवरच्या वर्षभराच्या कोर्सला कितीही छान नाव दिलं तरी त्यातून नोंदणी मिळत नाही. जिल्हा परिषदेची किंवा सरकारी दवाखान्याची जाहिरात निघाली की त्यात नोंदणी मागतात, आणि तिथे ते प्रमाणपत्र चालत नाही. अशा कोर्सनंतर मुली बहुतेक खाजगी दवाखान्यात मदतनीस किंवा घरी रुग्ण सांभाळायला लागतात. ते कष्टाचं आणि मानाचं काम आहे, पण त्यासाठी ६० हजार मोजायची गरज नाही. संस्थेचा पुन्हा फोन आला तर एवढंच विचारा : कोर्सनंतर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होईल, असं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्याल का?

तर तुमच्या मुलीचं अडलंय ते बारावीवर. मध्ये गेलेल्या वर्षांचं ओझं मनावर घेऊ नका. प्रवेशाच्या वेळी शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते तहसील कार्यालयाबाहेर करून मिळतं, आणि तो विषय तिथेच संपतो.

बारावी करायचे दोन रस्ते तिच्यासाठी उघडे आहेत. एक म्हणजे राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७. खाजगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं, अभ्यास घरी करायचा, तोंडी परीक्षा आणि प्रकल्पांपुरतं नेमून दिलेल्या ज्युनिअर कॉलेजात जायचं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नेहमीच्या मुलांबरोबर बोर्डाचा पेपर द्यायचा. दहावीनंतर दोन वर्षं उलटलेली लागतात, तिची उलटली आहेत. या रस्त्याने मुलं बहुतेक आर्ट्सची बारावी करतात, आणि पेपर मराठीतून लिहिता येतात. तुमचा जिल्हा रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाखाली येतो, त्यामुळे चौकशीला पुण्या-मुंबईला जावं लागणार नाही.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे पाच विषय घ्यायचे असतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. म्हणजे एकेक, दोनदोन विषय सोडवत जाता येतं. सायन्सचे विषयही घेता येतात. नर्सिंगच्या प्रवेशाला ही बारावी चालते.

पण इथे एका गोष्टीवर मुली हमखास फसतात. मुक्त विद्यालयात इंग्रजी न घेताही बारावी पास होता येतं. इंग्रजी अवघड वाटतं म्हणून मुलगी हिंदीसारखी दुसरी भाषा घेते, चांगले टक्के मिळवते, आणि नर्सिंगच्या अर्जापाशी येऊन अडकते, कारण जीएनएमला बारावीला इंग्रजी असावंच लागतं आणि त्यात स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. म्हणून हा रस्ता धरलात तर फॉर्मवर इंग्रजी आहे ना, हे दोनदा बघा. राज्य मंडळात इंग्रजी सक्तीचंच असल्याने हा धोका नाही.

आता सायन्स की आर्ट्स? बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून किमान ४५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि इंग्रजीत पास असणं लागतं. शिवाय राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएम तीन वर्षांचं. त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, किमान ४० टक्के हवेत. एएनएम दोन वर्षांचं, तेही कुठल्याही शाखेवर होतं.

माझं मत विचाराल तर तिने फॉर्म १७ भरून आर्ट्सची बारावी करावी आणि जीएनएमला जावं. ती हुशार आहे, त्यात शंका नाही. पण अकरावीचंही वर्ष पुरं झालेलं नाही, पहाटेपासून धंदा आहे, आणि जवळपास क्लास नसताना फिजिक्स एकट्याने काढणं फार जड जातं. सायन्सचा हट्ट धरून दोन वर्षं अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या काहींनी नंतर नर्सिंगचा नादच सोडला. पदवीही काही हातची जात नाही. जीएनएम होऊन नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. वाट लांबची आहे, पण मधल्या टप्प्यावर पगार सुरू झालेला असतो, आणि तुमच्या घरासाठी मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तरीही सायन्स तिच्या मनात खोल असेल तर अकरावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक आणून महिनाभर तिला वाचू दे. पहिली तीन प्रकरणं तिची ती समजली, उदाहरणं सुटली, तर खुशाल मुक्त विद्यालयातून सायन्स घ्या. मग मीही तिच्याच बाजूने बोलेन.

एएनएमचंही सांगते, कारण गावातली सिस्टर बहुतेक एएनएम झालेली असते. उपकेंद्रात बसणारी, गरोदर बायांची तपासणी करणारी, लसीकरणाला वाडीवाडीवर चालत जाणारी आरोग्य सेविका ती हीच. डोंगराळ भागात साधारण ३ हजार आणि सपाटीला ५ हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावं असा निकष आहे, त्यावरून तिच्यावर किती माणसांचा भार असतो ते कळेल. एएनएम होऊन नोंदणी केलेल्या मुलीला पुढे जीएनएमलाही जाता येतं. तिला दवाखान्यातलं काम आवडतं की गावातलं, हे तिलाच विचारा. तुमचं ड्रेसिंग तिने ज्या जिद्दीने शिकून घेतलं, त्यावरून मला ती वॉर्डात जास्त रमेल असं वाटतं.

तुमच्या धंद्याचं वेळापत्रक इथे उपयोगी पडेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरावरचं काम कमी होतं. हे दोन महिने तिचे अभ्यासाचे आणि कागदपत्रांचे ठेवा. फॉर्म १७ ची मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करतं, आणि अर्ज ऑनलाइन असतो. त्याला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो अजून तिच्या ज्युनिअर कॉलेजात पडून असणार, म्हणून पहिलं काम तेच. दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. जातीचा दाखला काढलेला असेल तर पडताळणीचा अर्जही आत्ताच लावा. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्यासाठी रडकुंडीला येणारे पालक मी दरवर्षी बघते.

इंग्रजीची भीती तिला वाटणारच. जीएनएमची शरीरशास्त्राची, औषधांची पुस्तकं इंग्रजीत असतात. रोज एक पान मोठ्याने वाचायचं, घरात आलेल्या औषधांच्या पाकिटांवरची नावं आणि सूचना वहीत उतरवायच्या आणि अर्थ शोधायचा, हे तिने आजपासून करावं. बारावीच्या पेपरलाही त्याचा उपयोग होईल.

पैशांचं म्हणाल तर सरकारी संस्थांची फी खाजगीपेक्षा बरीच कमी असते, म्हणून पहिली पसंती सरकारी जागांना द्या. खाजगीत तुम्हाला जवळचं म्हणजे चिपळूणजवळ डेरवणला मोठ्या रुग्णालयाला जोडलेलं नर्सिंग कॉलेज आहे. कुठेही गेलात तरी त्या वर्षाची मान्यता आहे का आणि विद्यार्थिनी कुठल्या रुग्णालयात शिकायला जातात, हे विचारा. स्वतःचं किंवा जोडलेलं चालतं रुग्णालय नसेल तर तिथे नर्सिंग शिकता येत नाही, मग इमारत कितीही चकाचक असो. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४ पासून फीमाफीही आहे, मात्र ती सरकारी प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तिच्या कोर्सला ती लागू आहे का, हे प्रवेशाच्या आधी कॉलेजात विचारून घ्या.

राहिलं काकांचं म्हणणं. वयाचं त्यांना सांगा की एएनएम आणि जीएनएमला ३५ वर्षांपर्यंत प्रवेश मिळतो. ती १९ ची आहे, सगळं वेळेवर झालं तर तेविशीत नोंदणीकृत नर्स होईल. रात्रपाळी मात्र खरीच असते, ती मी लपवणार नाही. वॉर्डात रात्री काम करावं लागतं, थकवा येतो, सणाच्या दिवशी घरी येता येत नाही. पण तुमचं ऑपरेशन झालं त्या रात्री तुमच्या उशाशी कुणाची तरी मुलगी, सून रात्रपाळीला होतीच ना? काकांना हे भांडून सांगू नका. त्यांना मुलीबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवा आणि तिथल्या सिस्टरशी अर्धा तास बोलू दे. राहायची सोय, ड्युटीच्या वेळा, घरच्यांची साथ, हे सगळं त्यांनी तिच्याच तोंडून ऐकावं. मुलीनेही ऐकावं, कारण अजून तिने नर्सचं काम रुग्णाच्या बाजूने पाहिलंय.

शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की मला पुन्हा लिहा. आर्ट्सचे कुठले विषय घ्यायचे ते आपण तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरून ठरवू.