पेपरमिंट म्हणून आणला, निघाला कॅमल
वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याची टाकी

प्रश्न : माझी तीन बाय दीड बाय दीड फुटांची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातल्या कोरलची, म्हणजे प्रवाळांची टाकी) वर्षभर चालू आहे. त्यात झोआ, मश्रूम, एक हॅमर आणि एक अकॅन ही कोरल आहेत. लाइव्ह रॉकबरोबर (जीवजंतू असलेला समुद्री दगड) एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल आले आणि बघता बघता दगडभर पसरले. दुकानदाराने त्यावर उपाय म्हणून दोन पेपरमिंट श्रिम्प (छोट्या कोळंब्या) दिले. एप्टेशिया जसाच्या तसा आहे, पण तीन आठवड्यांत झोआंचा एक गुच्छ निम्म्यावर आला आणि मश्रूमच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसताहेत. दिवसा दोघे दगडाखाली गप्प बसलेले असतात. हेच खातात का? असतील तर काढायचे कसे? फोटो सोबत जोडला आहे.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फोटोतले श्रिम्प पेपरमिंट नाहीत, कॅमल आहेत. ही अदलाबदल या छंदात नेहमीची आहे आणि ती दरवेळी मुद्दाम होते असेही नाही. दोघेही लाल पट्ट्यांचे, आणि घाऊक पुरवठ्याच्या पिशवीवर नाव असतेच असे नाही. खरा पेपरमिंट अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, म्हणजे फ्लोरिडा आणि कॅरिबियनकडचा. कॅमल आपल्या बाजूचा, हिंदी-प्रशांत महासागरातला.

ओळखायला रंगावर जाऊ नका, डोके आणि पाठ बघा. कॅमलच्या पाठीला ठळक कुबड असते, डोळे मोठे आणि बटबटीत असतात, आणि लाल पट्ट्यांच्या मधोमध पांढऱ्या रेघा व ठिपके असतात. डोळ्यांच्या मधून पुढे आलेले चोचीसारखे टोक बिजागरीवर बसवल्यासारखे वरखाली हलते. पेपरमिंटचे अंग अर्धपारदर्शक असते, त्यावर लांबीने गेलेल्या बारीक लाल रेघा असतात, पांढरा ठिपका नसतो आणि पुढचे टोक आखूड व न हलणारे असते. शिवाय कॅमल घोळक्याने एकाच कपारीत बसतात. तुमचे दोघे दिवसभर एकत्र दिसतात ते त्यामुळेच.

कॅमल झोआ आणि मश्रूम खातो. भूक लागली म्हणून नव्हे, तो त्याचा आहारच आहे. त्यामुळे जास्त खायला घालून तो सुधारत नाही. एप्टेशियाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. खरा पेपरमिंटही अगदी साधू नसतो. एप्टेशिया संपला आणि पोटाला काही मिळाले नाही, की तोही झोआ आणि अकॅनला तोंड लावतो. पण त्याला आठवड्यातून तीन-चार वेळा खाणे घातले तर बहुधा निभावते.

तरीही काढण्याआधी एक रात्र पाहणी करा, कारण श्रिम्प मेलेले मांसही खातात. आधीच सडू लागलेल्या कोरलवर तो बसलेला दिसला म्हणून तोच गुन्हेगार ठरत नाही. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्चला लाल जिलेटीन पेपर दुपदरी गुंडाळून बघा. श्रिम्पना लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे ते बिचकत नाहीत. निरोगी, नीट चिकटलेल्या झोआची तबकडी तो चिमट्याने तोडताना दिसला तर प्रश्न मिटला. खाल्लेल्या झोआचा देठ उरतो, वरची तबकडी फाटकी दिसते. मश्रूमला वेडीवाकडी खाच पडते.

याउलट सगळा गुच्छ एकाच दिवशी मिटला असेल तर पाणी तपासा, विशेषतः क्षारता (अल्कलिनिटी) आणि खारटपणा. झोआ मिटलेले पण अखंड असतील, तर एक गुच्छ टाकीच्याच पाण्याच्या वाडग्यात घेऊन मोठ्या सिरिंजने जोरात फवारा आणि तळाशी काय पडते ते बघा. झोआ खाणारी न्युडिब्रँक गोगलगाय झोआचेच रंग घेते, त्यामुळे जागेवर ती नजरेला पडत नाही. तिची अंडी डिपने (कोरल औषधी पाण्यात बुडवण्याने) मरत नाहीत. म्हणून डिप आठवड्याच्या अंतराने किमान तीनदा करावी लागते.

आता पकडणे. जाळी घेऊन मागे लागू नका. दगड हलतात, श्रिम्प आत जातो आणि जाळीत मिशा तुटतात. एक लिटरची शीतपेयाची बाटली घ्या. खांद्याच्या खाली कापून वरचा भाग उलटा करून आत बसवा आणि दोन केबल टायने बांधा. स्टेपलरची पिन नको, ती गंजते. डिंकही नको. तापवलेल्या सुईने बाजूंना तीन-चार मिलिमीटरची भोके पाडा, म्हणजे आमिषाचा वास बाहेर जाईल आणि आत पाणी खेळते राहील. आमिष म्हणून सालासकट ताज्या कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा पुरतो. आत लाइव्ह रॉकचा एक खडा टाका, नाहीतर बाटली तरंगेल. त्या दिवशी टाकीला खाणे देऊ नका. दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने बाटली कपारीशेजारी वाळूवर आडवी ठेवा, तोंड दगडाला लागून हवे. श्रिम्प दगडाच्या कडेने चालत येतो, मोकळ्या पाण्यातून कमी. दर तासाने बघा. हर्मिट खेकडे आणि ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडे) आधी हजर होतात, त्यांना बाहेर काढून पुन्हा लावा. सापडो न सापडो, सकाळी बाटली काढाच. आमिष कुजले तर अमोनिया वाढतो.

सापडलेले कॅमल दुकानात परत द्या किंवा फक्त माशांची टाकी असलेल्याला द्या, मात्र त्या टाकीत श्रिम्प खाणारा ट्रिगर किंवा मोठा रास मासा नसावा. कृष्णेत सोडले तर गोड्या पाण्याने लगेच मरतील. रत्नागिरीला जाऊन समुद्रात सोडणेही योग्य नाही, टाकीत राहिलेल्या जिवाबरोबर रोग समुद्रात जातात.

एप्टेशिया कापू किंवा खरवडू नका. तळव्याचा तुकडा जरी उरला तरी त्यातून नवा उगवतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात दह्याएवढे घट्ट कालवा, पंप बंद करा आणि बोथट सुईच्या सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर सोडा. पंधरा मिनिटांनी पंप चालू करा. एका दिवशी चार-पाचच घ्या, कारण पीएच चढतो. पानाला लावायचा चुना यासाठी वापरू नका, त्यात आणखी काय आहे ते समजत नाही. वाट बघायची तयारी असेल तर बर्घिया गोगलगाय सर्वांत सरळ. ती एप्टेशियाशिवाय काही खातच नाही, पण तो संपला की तीही उपाशी मरते.

प्रश्न : आमचा स्कंक क्लीनर श्रिम्प माशांना साफ करतो, छान आहे. पण अकॅनला मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचे खाद्य) भरवले की येऊन थेट त्याच्या तोंडात हात घालतो. आता अकॅनच्या एका तोंडाजवळ पांढरे दात दिसू लागलेत. श्रिम्प काढायची इच्छा नाही.
— एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : काढू नका. क्लीनर कोरलचे मांस खायला येत नाही, त्याच्या पोटातला घास चोरायला येतो. ओढताना तोंडाचे कातडे फाटते आणि खालच्या सांगाड्याचे दात उघडे पडतात. एकदा फाटले की तिथे शेवाळ बसते, जखम पसरते. म्हणून भरवायची पद्धत बदला.

दिवे गेल्यावर अकॅनचे बारीक तंतू बाहेर आले की टाकीच्या दुसऱ्या टोकाला श्रिम्पसाठी बुडणारी दोन-तीन पेलेट टाका. तो ती धरून बसेपर्यंत थांबा. मग पंप बंद करून अकॅनवर कापलेल्या बाटलीचा तळ उपडा ठेवा. त्याला आधीच भोके पाडलेली असावीत, आणि वर सिरिंजचे टोक जाईल एवढे एक मोठे भोक हवे. त्यातून प्रत्येक तोंडाला दोन-तीन मायसिस सोडा, जास्त नको. घास आत जाऊन तोंड पूर्ण मिटेपर्यंत झाकण राहू द्या, साधारण अर्धा तास. अनेकजण दहा मिनिटांत उचलतात, आणि श्रिम्प तेवढ्याचीच वाट बघत असतो. आठवड्यातून दोनदा भरवणे पुरे.

घाटावर येणारी ताजी कोळंबीही चालते. सोलून, काळा धागा काढून, आरओच्या पाण्यात धुवून तांदळाच्या दाण्याएवढी चिरा. सुका जवळा मात्र टाकू नका, त्याने पाणी फार लवकर बिघडते.

दात दिसतात त्या भागावर तपकिरी चिकट थर आणि कुजका वास असेल, तर ते श्रिम्पचे काम नाही, ब्राऊन जेली या रोगाची लागण आहे. ती एक-दोन दिवसांत अख्खे कोरल खाते. असे कोरल त्याच दिवशी वेगळे करा. आणि गेलेल्याच्या बदली कोणी ‘तमिळनाडूच्या समुद्रातले’ कठीण कोरल स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. हे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

प्रश्न : पिस्टल श्रिम्प आणि गोबी माशाची जोडी आणली. वाळूवर ठेवलेले ट्रॅकिफिलिया कोरल दोनदा गाडले गेले, खालची बाजू गळायला लागली आहे. तो ते मारतोय का?
— एक वाचक, कराड

उत्तर : मारायचा हेतू नाही, पण परिणाम तोच. पिस्टल बीळ खणतो, वाळू बाहेर टाकतो आणि खडे दिसतील ते बांधकामाला लावतो. प्लगवरचे (छोट्या बैठकीवर चिकटवलेले) कोरलचे छोटे तुकडेही तो ओढून नेतो. ट्रॅकिफिलिया बिळाच्या तोंडापासून दीड फूट दूर, वाळूच्या वर राहील अशा उथळ काचेच्या ताटलीत ठेवा. प्लग दगडाला इपॉक्सीने पक्के करा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमचे दगड वाळूवर टेकलेत की तळाच्या काचेवर, ते बघा. वाळूवर असतील तर खालची वाळू कधीतरी निघेल आणि रचना कोसळेल. वाळू बाजूला सारून दगड काचेवर टेकवा. हे पुढच्या रविवारवर ढकलू नका.

प्रश्न : एप्रिलपासून कोरल फिके पडत चाललेत. टाकीत क्लीनर आणि पेपरमिंट दोन्ही आहेत, घरचे म्हणतात श्रिम्पनेच खाल्ले. टाकीचे तापमान दुपारी ३१ पर्यंत जाते, वीजही जाते.
— एक वाचक, मिरज

उत्तर : श्रिम्पला सोडून द्या. मांस शाबूत आणि रंग गेलेला असेल तर ते ब्लीचिंग आहे, आणि ३१ अंश हे त्याला पुरेसे कारण. २५-२६ च्या आसपास ठेवायला हवे. चिलर परवडत नसेल तर झाकण काढून पाण्याच्या पृष्ठावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे लावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय निम्मा होतो. टाकीचा दिवा दुपारी न लावता संध्याकाळी पाच ते रात्री बारा लावा, हा दुसरा फुकटचा उपाय.

पंख्याने पाणी झपाट्याने उडते. २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला चार लिटर गेले आणि तीन दिवस भरले नाही, तर दर हजारी ३५ चा खारटपणा ३७ च्या पुढे जातो. श्रिम्प याच चढउताराने मरतात. वरून घालायचे पाणी गोडेच आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेले हवे. स्वयंपाकघरातल्या आरओत बहुतेकदा टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी कच्चे पाणी पुन्हा मिसळतो, म्हणून ते पाणी तसेच वापरू नका. कंट्रोलर आणि मिनरल काडतूस यांच्या आधीची नळी घेऊन तिला डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे गाळण) जोडा. बोअरचे पाणी असेल तर हे टाळूच नका, ऊसपट्ट्यात त्यात नायट्रेट असू शकते.

वीज गेल्यावर गरमीपेक्षा आधी प्राणवायू संपतो. इन्व्हर्टरवर दिवा आणि हीटर नको, एक डीसी पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) पृष्ठभागाकडे तोंड करून ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घ्या. वीज गेली की आपोआप चालू होणारा मिळतो.

प्रश्न : सकाळी श्रिम्प मेलेला दिसला, संध्याकाळी तोच फिरताना दिसला. हे काय?
— एक वाचक, वाई

उत्तर : त्याने कात टाकली. कात पोकळ असते, डोळ्यांच्या जागा पारदर्शक असतात आणि डोक्यामागे फट असते. मेलेला श्रिम्प अपारदर्शक गुलाबी-पांढरा होतो. कात काढली नाही तरी चालते, बाकीचे ती खातात. नवे कवच कडक होईपर्यंत एक-दोन दिवस श्रिम्प लपून बसेल, त्याला शोधायला दगड उचलू नका. आयोडीन घालायची गरज नाही, नियमित पाणी बदलले की पुरते. माशांना तांब्याचे औषध द्यायची वेळ आली तर मासे वेगळ्या बादलीत काढून द्या. मुख्य टाकीत घातलेले तांबे दगडात आणि वाळूत शोषले जाते आणि नंतर हळूहळू सुटत राहते, आणि मग त्या टाकीत श्रिम्प टिकत नाही.