वाचकांचे प्रश्न : राजाच सर्वेसर्वा, मग मंत्रिमंडळ कशाला?

प्रश्न : सौदी अरेबियात राजाचा शब्द अंतिम असतो. मग तिथे दर आठवड्याला मंत्रिमंडळाची बैठक कशासाठी? मतदान तरी होतं का?

उत्तर : कायद्यात तशी तरतूद आहे. १९९३च्या मंत्रिमंडळ कायद्यानुसार बैठकीला दोन तृतीयांश सदस्य हजर लागतात आणि ठराव हजर सदस्यांच्या बहुमताने होतो. समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक. ज्या खात्याचा विषय, त्याचा मंत्री किंवा त्याच्या वतीने कोणी हजर नसेल, तर निकड असल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. चर्चा गुप्त राहते. एवढं होऊनही राजाची मंजुरी येईपर्यंत ठराव कच्चाच.

तरीही मंत्रिमंडळ लागतंच, आणि का ते एखाद्या कायद्याच्या फाइलीचा प्रवास पाहिला की कळतं. खातं मसुदा करतं. तो मंत्रिमंडळाच्या तज्ज्ञ विभागाकडे जातो. तिथे कलमं जुन्या कायद्यांशी ताडून पाहतात आणि संबंधित खात्यांचे आक्षेप मिटवतात. खरी घासाघीस इथेच होते. मग १५० नियुक्त सदस्यांची शूरा परिषद, म्हणजे सल्लागार सभा, आपलं मत देते. मंत्रिमंडळ आणि शूरा यांचं जमलं तर राजाची मोहोर. नाही जमलं तर काय ठरवायचं ते राजाच्या हाती. शेवटी शाही फर्मान निघतं आणि ‘उम्म अल-कुरा’ या सरकारी राजपत्रात कायदा छापून येतो. छापून आल्याशिवाय तो लागू होत नाही.

राजाच्या हाती यातला प्रत्येक टप्पा थांबवण्याची ताकद आहे, पण प्रत्येक मसुदा स्वतः तपासण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. म्हणून मसुदा कोणी तयार केला आणि कोणत्या टिपणीसह वर गेला, याला मतदानापेक्षा जास्त वजन. दुखणंही इथलंच. राजाला काय आवडेल याचा अंदाज घेऊन टिपणी लिहिली गेली, की नकोशी आकडेवारी खालीच गळते.

बढत्या-बदल्यांसाठी मात्र हा लांबचा रस्ता नाही. राजाचा थेट आदेश निघतो आणि मंत्री बदलतो.

प्रश्न : मंत्र्याला पटलं नाही तर तो राजीनामा देऊ शकतो का?

उत्तर : देऊ शकतो; पण राजीनामा मंजूर होतो तोही शाही आदेशानेच. उपपंतप्रधान आणि मंत्री सामूहिकरीत्या राजाला जबाबदार असतात, शूरा परिषदेला नव्हे. त्यामुळे सरकार पाडणं नावाचा प्रकारच नाही. मंत्रिमंडळाची मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. त्याआत नवीन आदेश काढावा लागतो. नाही निघाला तर जुनंच मंडळ काम चालू ठेवतं.

प्रश्न : मग युवराज पंतप्रधान कसे?

उत्तर : १९९२च्या मूलभूत कायद्याच्या ५६व्या कलमानुसार राजाच पंतप्रधान असतो. २७ सप्टेंबर २०२२ रोजी राजे सलमान यांनी त्या कलमाला अपवाद करून मोहम्मद बिन सलमान यांना पंतप्रधान नेमलं. राजे हजर असतील त्या बैठकीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहील, असंही त्याच आदेशात म्हटलं होतं. कलम कायम, अपवाद चालू!

प्रश्न : सगळीकडे असंच असतं का?

उत्तर : नाही. ओमानमध्ये सुलतान काबूस पंतप्रधानपदासह संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थ ही खाती स्वतःकडे ठेवत. कामकाज पाहणारे मंत्री होते, पण खात्याचा धनी सुलतानच. सुलतान हैथम यांनी ऑगस्ट २०२०मध्ये परराष्ट्र आणि अर्थ खाती वेगळ्या मंत्र्यांना दिली. आफ्रिकेतल्या इस्वातिनीत (तेव्हाचं स्वाझिलँड) तर राज्यघटनाच सांगते, की कनिष्ठ सभागृहाने मंत्रिमंडळावर तीन पंचमांश मतांनी अविश्वास दाखवला तर राजाने ते बरखास्त करावं. ऑक्टोबर २०१२मध्ये पंतप्रधान बार्नाबास डलामिनी यांच्या सरकारविरुद्ध असा ठराव मंजूर झाला. राजाने ते बरखास्त केलं नाही. दोन आठवड्यांच्या आत सभागृहाने आपलाच ठराव मागे घेतला.