साप पाळायचाय? आधी कागद बघा: वाचकांचे प्रश्न

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला बॉल पायथन घ्यायचाय. विकणारा म्हणतो की हा परदेशी साप आहे, भारतीय कायदा त्याला लागूच होत नाही, आणि कागदपत्रं नंतर करून देतो. खरं आहे का? – एक आई, नाशिक

नाही हो ताई, अजिबात खरं नाही. पूर्वी परदेशी प्राण्यांबाबत आपल्याकडे खरंच ढिसाळपणा होता आणि विकणारे अजून तेच जुनं सांगत फिरतात. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात चौथी अनुसूची आली, म्हणजे सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी आता आपल्या कायद्यात आलेत. बॉल पायथन त्या यादीत आहे, बोआ कन्स्ट्रिक्टर आहे, हिरवा अ‍ॅनाकोंडाही आहे.

मग २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे आधीपासून असे प्राणी होते त्यांना सहा महिने दिले होते, ती मुदत कधीच संपली. आता नवीन घेतला तर ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. पिल्लं झाली तर त्यांची नोंद, दुसऱ्याला दिला तर त्याची नोंद, मेला तर तेही कळवायचं.

आता "कागद नंतर" या शब्दांकडे नीट बघा, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. तुमच्या मुलाची नोंदणी नंतरची असेल हो, पण विकणाऱ्याकडे त्याची स्वतःची नोंदणी आजच असायला हवी, आणि साप बाहेरून आणला असेल तर आयातीचं लायसन्स आणि सायटीसचं परमिटसुद्धा. ते त्याच्याकडे नसेल तर तुमचा मुलगा अर्जात साप कुठून आला म्हणून काय लिहिणार? डिसेंबर २०२३ मध्ये डीआरआयने, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून बिस्किट आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ११ साप पकडले, ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. ही जात आपल्या बाजारात अशाही वाटेने येते हे मुलाला जरूर सांगा, तो साप आवडणारा मुलगा आहे ना, त्या पाकिटात सापाचे काय हाल होत असतील हे त्याला आपल्यापेक्षा लवकर समजेल.

कॉर्न स्नेक सायटीसच्या यादीत नाही म्हणून "हा घ्या, याला काहीच लागत नाही" असंही कोणी सांगेल. चौथ्या अनुसूचीतली नोंदणी लागत नाही हे बरोबर, पण लायसन्सशिवाय आयात केलेला जिवंत प्राणी कस्टम्सच्या दृष्टीने तस्करीचाच माल असतो, तेव्हा बिल आणि आयातीची कागदपत्रं तिथेही मागाच.

आणि एक कायद्याबाहेरचं. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. मुलगा उद्या नोकरीला बंगलोरला गेला की त्याला उंदीर तुम्हीच खायला घालणार आहात, आणि सापांवर उपचार करणारे व्हेट फार थोडे आहेत. कंटाळा आला म्हणून बाहेर सोडून देता येत नाही, ते सापासाठीही वाईट आणि इथल्या जंगलासाठीही. हे सगळं मान्य असेल आणि विकणाऱ्याचे कागद तुम्ही डोळ्यांनी बघितले असतील तरच पुढे जा.

शेतात धामणीचं पिल्लू सापडलं, पोरांनी बरणीत ठेवलंय. बिनविषारी आहे, उंदीरही खाते. घरी ठेवायचा परवाना कुठे मिळतो? – शेतकरी, फलटण

दादा, असा परवाना नाहीच. आपल्या मातीतला कुठलाही साप, विषारी असो नाहीतर बिनविषारी, हौस म्हणून पाळायला कोणालाच परवानगी मिळत नाही. कायद्यात पकडणं हीसुद्धा शिकारच धरलीय आणि असा पकडलेला प्राणी सरकारी मालमत्ता होतो, ताब्यात आला तर ४८ तासांत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचं असतं. हॅलो फॉरेस्टचा १९२६ नंबर आहे, तिथे फोन करून सांगा, ते म्हणतील तसं करा. तोवर बरणी उन्हात ठेवू नका आणि झाकणाला हवा जाईल एवढं बघा. उंदीर खायला धामण हवी हे तुमचं अगदी खरं, पण ते काम ती बांधावर मोकळी राहूनच करते. पोरांना एवढी आवड आहे तर पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सर्पोद्यान आहे, तिथे घेऊन जा.

मांडूळ घरात ठेवलं तर पैसा येतो म्हणतात, मित्र भागीदारीत घ्यायचं म्हणतोय. – नाव नको, ठाणे

घेऊ नका. मांडुळाला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते म्हणून तसं वाटतं, आणि पैसा तर फक्त विकणाऱ्याला मिळतो. याच अंधश्रद्धेपायी हा बिचारा गरीब साप सर्रास पकडला जातो. तोही संरक्षित आहे, त्यामुळे भागीदारी म्हणजे गुन्ह्यात भागीदारी, पोलीस दोघांनाही धरतील.

मी सर्पमित्र आहे. शाळांमधून जनजागृती करतो, त्यासाठी दोन नाग घरी ठेवतो. माझ्याकडे आयकार्ड आहे. चालतं ना? – कोल्हापूर

तुमचं काम मोलाचं आहे, रात्री-अपरात्री लोकांच्या घरात जाऊन तुम्ही माणूस आणि साप दोघांना वाचवता, म्हणून स्पष्टच लिहिते. नाही चालत. कार्ड रेस्क्यूसाठी असतं. साप पकडला, वनखात्याकडे नोंद केली, लवकरात लवकर जवळच्या योग्य अधिवासात सोडला, इथे तुमचं काम संपतं. नाग कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे, तुमचा हेतू चांगला होता हे कोर्टात सांगावं लागेल अशी वेळच येऊ देऊ नका.

शिक्षण, संशोधन, औषधासाठी विष काढणं अशा कामांना कलम १२ खाली खास परवानगी असते, पण ती लेखी आणि अटींसह, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्राची संमती लागते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचंच बघा ना, तिथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजायची प्रथा होती, तिच्यावरच्या हायकोर्टाच्या बंदीनंतर इतकी वर्षं गेली, २०२५ च्या नागपंचमीला केंद्राने परवानगी दिली ती २१ जणांना, मोजक्या दिवसांसाठी आणि शिक्षणाच्या कामासाठी. अख्ख्या गावाला एवढं करावं लागतं तर घरातल्या डब्यातल्या नागाचं काय सांगणार. शाळेत फोटो, व्हिडिओ, रबरी साप न्या, चावल्यावर काय करायचं ते शिकवा, मुलांना खरी गरज त्याचीच आहे. ते दोन नाग आजच वनखात्याला कळवा.

आम्ही मेलबर्नला असतो, लेकीकडे लायसन्सवाला कार्पेट पायथन आहे. कायमचे पुण्याला परत येतोय, त्याला आणता येईल का?

नाही येणार. ऑस्ट्रेलिया स्वतःचे सरपटणारे प्राणी घरगुती पेट म्हणून देशाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे प्रश्न तिकडेच संपतो. तिथल्याच लायसन्स असलेल्या पाळणाऱ्याकडे रीतसर ट्रान्सफर करा, आणि हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, लेकीला नवीन घर बघून यायला, निरोप घ्यायला वेळ मिळू दे.