स्कूटरच्या बॅटरीऐवजी सिरॅमिक कपॅसिटर का नाही?

प्रश्न : माझ्या विजेच्या स्कूटरला पूर्ण चार्ज व्हायला चार तास लागतात. सिरॅमिक कपॅसिटर काही क्षणांत चार्ज होतो आणि बॅटरीसारखा झिजत नाही, असे वाचले. मग बॅटरीच्या जागी तोच का बसवत नाहीत?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, अडचण आहे ती साठ्याची. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठवून ठेवणारा घटक. सर्किट बोर्डावर तिळाएवढे तपकिरी दाणे दिसतात, ते बहुधा सिरॅमिक कपॅसिटरच असतात. बेरियम टायटनेट हे सिरॅमिक आणि निकेल हा धातू यांचे अतिशय पातळ थर एकाआड एक रचून ते भट्टीत भाजलेले असतात. दोन मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद व उंच असा १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा एक दाणा घेऊ. धारकतेला, म्हणजे दर व्होल्टला किती विद्युतभार मावतो त्या फॅरडमधल्या मापाला, व्होल्टेजच्या वर्गाने गुणून निम्मे केले की त्यातली ऊर्जा मिळते आणि ती जेमतेम ०.००३ ज्यूल भरते. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइल बॅटरीत सुमारे ६९,००० ज्यूल असतात. तेवढ्यासाठी असे दोन कोटींहून अधिक दाणे लागतील आणि त्यांनी जवळपास ७० लिटरांचे पिंप भरेल.

तेही कागदावरच. व्होल्टेज वाढवला की ऊर्जा वर्गाने वाढते, या सूत्राची भुरळ अनेकांना पडली. २००६ साली अमेरिकेतील ईईस्टोर या कंपनीला मिळालेल्या पेटंटमध्ये सुमारे ३१ फॅरड आणि ३,५०० व्होल्टच्या संचात ५२ युनिट वीज साठवण्याचा दावा होता. गुणाकार बिनचूक आहे, पण तो संच बाजारात कधीच आला नाही. बेरियम टायटनेटची धारकता मुळात मोठी असते ती त्याच्या कणांतील विद्युत्-ध्रुव (धन-ऋण टोकांच्या जोड्या) व्होल्टेजच्या दिशेने वळतात म्हणून. बहुतेक ध्रुव एकदा वळून झाले की वाढीव व्होल्टेजला वळवायला फारसे काही उरत नाही आणि धारकता घसरत जाते. वरच्या दाण्याची धारकतासुद्धा पूर्ण २५ व्होल्टला निम्म्याहून खाली येऊ शकते, त्यामुळे कोणताही दावा वाचताना धारकता किती व्होल्टला मोजली, हे मी सर्वांत आधी पाहतो.

व्होल्टेजबरोबर धारकता वाढणारी, प्रतिफेरोविद्युत प्रकारची सिरॅमिक द्रव्येही आहेत. त्यांचे कपॅसिटर विजेच्या मोटारींच्या इन्व्हर्टरसाठी (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणाऱ्या यंत्रणेसाठी) मिळतात, पण तिथेही त्यांचे काम क्षणभराचा झटका पेलण्याचे असते; गाडी पळवणारा साठा बॅटरीतच राहतो.