गेमिंग आणि रेकॉर्डिंग: पहिला पीसी जुळवताना
सगळं बजेट ग्राफिक्स कार्डावर उधळू नका. सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी स्टोरेज) एवढं सुरुवातीला भरपूर झालं. आरजीबी दिवे राहू द्या, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र चांगला घ्या.

नवशिक्यांचं हमखास इथे चुकतं:

- रॅमच्या चार खाचा असलेल्या मदरबोर्डात (पीसीचा मुख्य बोर्ड) दोन पट्ट्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं नाही, तर महागडी रॅमही कमी वेगानेच धावते.
- मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला, मदरबोर्डला नव्हे!
- माइक कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावू नका, घरघर येते. यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक पीसीला जोडणारा बाहेरचा डबा) घ्या. इंटरफेसला लावायच्या बहुतेक कंडेन्सर माइकना (स्टुडिओतले संवेदनशील माइक) ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागते. एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजमध्ये आवाज कमी विलंबाने नेणारं सॉफ्टवेअर) इंटरफेसच्या कंपनीचाच टाका. गाताना बफर (पीसी एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा; कडकड आली तर २५६.

ओव्हरक्लॉकिंगचं (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचं) नंतर बघू.