कब्बाला : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : कॅम्पातल्या लाल देवळामुळे (ज्यूंच्या प्रार्थनागृहामुळे) ज्यू धर्माबद्दल कुतूहल वाटू लागलं. त्यांची गूढविद्या, कब्बाला, शिकायची तर थेट ‘झोहर’ हातात घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थेट नको. तेराव्या शतकात स्पेनमध्ये पुढे आलेला हा ग्रंथ मुख्यतः अरामी भाषेतलं तोराहवरचं, म्हणजे ज्यूंच्या पहिल्या पाच धर्मग्रंथांवरचं, भाष्य आहे. तोराह न वाचता त्यात शिरलं की चौथ्या ओळीलाच माणूस अडकतो. आधी तोराहमधले उत्पत्ती आणि निर्गम हे पहिले दोन ग्रंथ वाचा, मग दहा सेफिरोत समजून घ्या. हे दहा देव नव्हेत. एकाच अनंत ईश्वराचं प्रकटणं दहा अंगांनी होतं, असं कब्बाला मानते. आपल्याकडे इथेच हमखास घोळ होतो.

ही मांडणी रोजच्या आचारात पाहायची तर ओमरची मोजणी, म्हणजे रोज रात्री दिवस मोजण्याची ज्यू प्रथा, पाहा. वल्हांडणाच्या (इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या) दुसऱ्या रात्रीपासून 49 रात्री ती चालते. खालचे सात सेफिरोत सातांत गुंफलेले, म्हणजे दर आठवडा एकाचा आणि त्यातला दर दिवस सातांतल्या एकेकाचा : पहिला दिवस हेसेदमधल्या हेसेदचा (कृपेतली कृपा), दुसरा हेसेदमधल्या गेवुराचा (कृपेतला संयम), आठवा गेवुरामधल्या हेसेदचा. त्या दिवशी तोच गुण स्वतःत तपासायचा.

अंधार पडल्यावर आधी आशीर्वचन, मग मोजणी. आठव्या रात्री ‘आज आठ दिवस, म्हणजे एक आठवडा आणि एक दिवस’ असं पूर्ण म्हणतात. रात्री विसरलं तर दिवसा आशीर्वचनाविना मोजतात. अख्खा दिवस हुकला तर पुढची मोजणी चालू राहते, पण रूढ प्रथेनुसार आशीर्वचन म्हणत नाहीत.