संगणक शंका-समाधान : फुली दाबल्यावर मशीनचं काय होतं?

प्रश्न : डेस्कटॉपवर विंडोज आहे, त्यात व्हर्च्युअलबॉक्सवर (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे ‘मशीन’, चालवणारा प्रोग्राम) उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवते. त्याला ८ जीबी रॅम दिलीय. खिडकीची फुली दाबली की तीन पर्याय येतात. घाईत हाताला येईल तो निवडते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तेव्हा मशीन चालूच होतं. आता नावाखाली ‘अबॉर्टेड’ दिसतंय. सगळं गेलं का? (वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही, बहुतेक काहीच गेलं नसेल. ‘अबॉर्टेड’ म्हणजे मशीन रीतसर न थांबता मध्येच मेलं, एवढंच. ‘स्टार्ट’ दाबा. उबुंटूची एक्स्ट-४ फाइलप्रणाली जर्नल (बदलांची नोंदवही) ठेवते, अर्धवट राहिलेल्या नोंदी ती सुरू होतानाच मार्गी लावते. सेव्ह न केलेलं मात्र गेलं. काळ्या पडद्यावर ‘इनिट-रॅम-एफएस’ असं येऊन थांबलं, तर वरच्या ओळीत कुठलं विभाजन (डिस्कचं पार्टिशन) तपासायचं ते लिहिलेलं असतं. ‘एफएससीके’ (fsck, फाइलप्रणाली तपासणारी आज्ञा) आणि त्या विभाजनाचं नाव टाइप करा, दुरुस्तीला होकार द्या, मग ‘एक्झिट’. एक खूण मात्र आत्ताच बघून ठेवा : स्टोरेज सेटिंग्जमध्ये ‘यूज होस्ट आय-ओ कॅश’. साटा कंट्रोलरवर (मशीनची डिस्क ज्याला जोडलेली असते तो) ती मुळात नसते. कुणी लावली असेल तर काढा. ती असताना गेस्टला (म्हणजे आतल्या उबुंटूला) वाटतं लिहून झालं, प्रत्यक्षात मजकूर विंडोजच्या रॅममध्येच असतो.

आता ते तीन पर्याय. ‘सेव्ह द मशीन स्टेट’ने रॅममधलं सगळं मशीनच्या ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरात एका फाइलमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी उघडी कामं जिथल्या तिथे मिळतात. सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्या हार्डडिस्कवर ८ जीबीला ८० सेकंद धरा, साटा एसएसडीवर साधारण १६ ते २०. म्हणजे छोट्या यूपीएसच्या काही मिनिटांत हे बसतं : उजवा कंट्रोल आणि क्यू, हाच पर्याय, एंटर. डिस्कवर तेवढी जागा मोकळी हवी. अशा जतन केलेल्या मशीनची रॅम किंवा प्रोसेसर बदलता येत नाहीत. ‘डिस्कार्ड’ केलंत तर ती प्लग उपटल्यासारखीच गत. व्हर्च्युअलबॉक्स अद्ययावत करण्याआधी मशीन पूर्ण बंद करा, कारण जुनी जतन स्थिती नव्या आवृत्तीत उघडेलच असं नाही.

‘सेंड द शटडाउन सिग्नल’ म्हणजे गेस्टचं पॉवरबटण दाबणं. ऐकायचं की नाही, ते गेस्ट ठरवतो. कधी आत ‘खरंच बंद करू?’ अशी चौकट येते आणि तुम्ही बाहेर चहा प्यायला गेलेले असता. दोन-तीन मिनिटांत मशीन थांबलं नाही, तर आत जाऊन बघा.

‘पॉवर ऑफ’ म्हणजे थेट प्लग उपटणं, मशीन गोठलं तरच वापरा. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेतलेला असेल तर त्याच्याखाली ‘रिस्टोअर करंट स्नॅपशॉट’ची चौकट दिसते. घाईत नेमकी हीच नडते : तिथे टिक राहिली, की स्नॅपशॉटनंतरचं सगळं काम पुसलं जातं.

प्रश्न : उजवा कंट्रोल आणि पी दाबून मशीन ‘पॉज’ करतो, तरी पीसी रखडतोच. (वाचक, हडपसर)

उत्तर : पॉजने प्रोसेसर मोकळा होतो, रॅम नाही. १६ जीबीच्या पीसीवर ८ जीबीचं मशीन तसंच अडून बसतं. फोन घ्यायला उठताना पॉज ठीक, जेवायला जाताना स्टेट सेव्ह करा.

प्रश्न : ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डर ९० जीबीचं झालंय. आतल्या फाइली उडवू का? (वाचक, चिंचवड)

उत्तर : हाताने एकही उडवू नका! प्रत्येक स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या डिस्कफाइलमध्ये साठतात आणि ती आधीच्या फाइलवर अवलंबून असते. मधली गेली की साखळी तुटते, मशीन उघडतच नाही. मशीन बंद करून व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतूनच एकेक स्नॅपशॉट ‘डिलीट’ करा. बदल एकत्र करताना तात्पुरती जास्त जागा लागते, म्हणून डिस्क काठोकाठ भरण्याआधीच हे उरका.